खापर, चिठ्ठी आणि लाल दोरी : मुलांना अथेन्सची लोकशाही सांगताना

इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर तीन शब्द लिहिते. निजामशाही, आदिलशाही, लोकशाही. पहिल्यात राज्य कुणाचं? निजामाचं. दुसऱ्यात? आदिलशहाचं. तिसऱ्यात? ‘लोकांचंऽऽ’ असा सगळा वर्ग ओरडतो. एका वर्षी ओरडा थांबल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, निजाम एकच होता, तो दाखवता येतो. लोक म्हणजे नक्की कोण?’

त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण तेव्हापासून अथेन्सचा धडा मी ह्या प्रश्नाच्या आधाराने शिकवते.

मुलांना एक वाक्य पाठ असतं, लोकशाहीचा जन्म ग्रीसमध्ये झाला. वाक्य चूक नाही, पण त्यातून डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. मुळात ग्रीस तेव्हा एक देश नव्हता. शेकडो नगरराज्यं होती आणि प्रत्येकाचा कारभार निराळा. स्पार्टात तर एकाच वेळी दोन राजे असत. लोकांच्या हाती कारभार असलेली आणखीही काही नगरं होती, पण ज्याची भरपूर माहिती आपल्यापर्यंत पोचली ते अथेन्स. शहर आणि भोवतीचा अ‍ॅटिका हा मुलूख मिळून साधारण 2,500 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहून लहान. तिथल्या भाषेत डेमोस म्हणजे लोक, क्रातोस म्हणजे सत्ता. दोन्ही जोडून डेमोक्रातिया. आपणही तशीच जोडणी केली, फक्त अर्धा शब्द संस्कृतातून घेतला आणि अर्धा फारसीतून.

धड्याची सुरुवात तारखेने करू नये, चिठ्ठीने करावी, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. मी वर्गाला विचारते, मॉनिटर कसा निवडायचा? ‘मतदान घ्या!’ मग मी डबा काढते, सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकते आणि एक उचलते. जिचं नाव निघतं ती बावरते आणि बाकीचे भांडायला उठतात. ‘बाई, ती बोलतच नाही!’, ‘बाई, हे काय, कुणीही?’

नेमका हाच आक्षेप अथेन्सचा तत्त्वज्ञ सॉक्रेटिस ह्याच्या तोंडी आहे, त्याच्या शिष्याने, झेनोफनने, तो लिहून ठेवलाय. जहाजाचा सुकाणू धरायला, घर बांधायला, अगदी बासरी वाजवायलासुद्धा आपण माणूस चिठ्ठी टाकून नेमत नाही, मग राज्य चालवायला का नेमावा? (चिठ्ठीऐवजी तेव्हा घेवड्यासारखे दाणे वापरत.) अथेन्सच्या सामान्य माणसाला मात्र हा आक्षेप पटत नव्हता. त्याचं म्हणणं, निवडणूक घेतली की कोण जिंकतं? ज्याचं घराणं नावाजलेलं, ज्याच्याकडे पैसा, ज्याची जीभ चालते तो. म्हणजे फिरून फिरून तेच ते लोक. चिठ्ठीला घराणं कळत नाही. अ‍ॅरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवलंय की पदं चिठ्ठीने भरणं ही लोकशाहीची रीत समजतात आणि निवडणुकीने भरणं ही मोजक्यांच्या राज्याची. हे वाक्य ऐकल्यावर मुलांपेक्षा पालकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ज्याला आपण लोकशाहीचा कणा म्हणतो ती निवडणूकच त्यांना संशयास्पद वाटायची.

महाराष्ट्रातल्या मुलांना ही रीत समजायला जड जात नाही, कारण ‘सोडत’ हा शब्द त्यांच्या कानावर असतो. महापालिकेचे प्रभाग कुणासाठी राखीव ठेवायचे ते ठरवायला आरक्षणाची सोडत काढतात आणि चिठ्ठी उचलायला बऱ्याचदा शाळेतल्या मुलांनाच व्यासपीठावर बोलावतात. 2017 साली मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली, तेव्हा नगरसेवक कोण हे शेवटी चिठ्ठीनेच ठरलं. आपण चिठ्ठीकडे वळतो ते बाकी उपाय संपल्यावर. अथेन्सची सुरुवातच तिथून होती.

त्यांच्या सोडतीची एक यंत्रणाही होती. माणसाहून उंच दगडी शिळा, तिच्यात ओळीने खाचा. प्रत्येकाची नाव कोरलेली पट्टी खाचेत अडकवायची. शिळेच्या कडेला नळी, तिच्यात काळ्या-पांढऱ्या गोट्या भरलेल्या. खालून एक गोटी सोडायची. पांढरी निघाली तर त्या आडव्या ओळीतले सगळे कामावर, काळी निघाली तर सगळे घरी. अशा शिळेचा तुकडा अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आजही आहे. वर्गात मी पुठ्ठ्यावर कापडी खिसे शिवून आणि शर्टाच्या बटणांवर काम भागवते.

ह्या पद्धतीने वर्षाला 500 जणांचं एक मंडळ नेमलं जाई. वय किमान 30, मुदत एक वर्ष आणि सगळ्या आयुष्यात फार तर दोनदा. त्यातले 50 जण आळीपाळीने वर्षाचा दहावा हिस्सा रोजचा कारभार बघत आणि त्या पन्नासांतून रोज एकाची चिठ्ठी निघे. त्या एका दिवस-रात्रीपुरता तो राज्याचा प्रमुख. शहराची मुद्रा त्याच्याकडे, खजिन्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळताना किल्ल्या दुसऱ्याच्या हाती. हे पद आयुष्यात एकदाच मिळे. वर्षाचे दिवस मोजा आणि बघा, एका पिढीत किती सामान्य माणसं एक दिवसाची राष्ट्रप्रमुख होऊन गेली असतील! हे गणित मी मुलांनाच करायला देते.

‘पण मग कुणीही चोर निघाला तर?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यावर उपाय दोन, एक आधी आणि एक नंतर. महत्त्वाच्या पदासाठी नाव निघालं की आधी उलटतपासणी होई. आईबाप कोण, कर भरलास का, लष्करात गेलास का आणि आईवडिलांशी नीट वागतोस का? शेवटचा प्रश्न मी बनवलेला नाही, खरोखरच विचारत असत. मुदत संपली की हिशेब. पै-पैचा हिशेब दिल्याशिवाय सुटका नाही आणि कुणीही नागरिक उठून तक्रार करू शकतो. माझ्या मते अथेन्सकडून घ्यावं असं काही असेल तर हा हिशेबाचा रिवाज. धड्यांत तो फारसा येत नाही, कारण तो पुतळ्यासारखा दिसत नाही.

चिठ्ठीतून काही पदं वगळली होती, त्यांत मुख्य सेनापतीचं. दरवर्षी 10 सेनापती मतदानाने निवडत आणि त्यांना कितीही वेळा उभं राहता येई. अथेन्सचा सर्वांत वजनदार पुढारी पेरिक्लीस जवळजवळ 15 वर्षं सलग निवडून आला. लढाईत माणूस चुकला तर जहाजं बुडतात, तिथे त्यांनी दाण्यांवर भरवसा ठेवला नाही.

हे सगळं एका रात्रीत उभं राहिलं नाही. इ.स.पू. 594 मध्ये सोलोनने कर्जापायी माणसाला गुलाम करण्याची प्रथा बंद केली आणि जुनी कर्जं रद्द केली. मधल्या काळात पिसिस्ट्रॅटसने आणि मग त्याच्या मुलांनी एकहाती राज्य केलं. शेवटचा मुलगा इ.स.पू. 510 मध्ये हाकलला गेला आणि दोन-तीन वर्षांत क्लेइस्थेनीस पुढे आला. त्याने काय केलं हे समजावताना ‘भावकी’ ह्या शब्दाला तोड नाही. तोवर सगळं राजकारण भावकीचं होतं. ह्या मोठ्या घराण्याच्या मागे त्याचे पाहुणे-रावळे, त्या घराण्याच्या मागे त्याचे. क्लेइस्थेनीसने किनाऱ्यावरचे, शहरातले आणि आतल्या भागातले लोक एकत्र कालवून दहा नवे गट पाडले. वर्गात दोन टोळ्या झाल्या की आपण बाकं बदलतो, तसं त्याने राज्याचं केलं. मघाचे 500 म्हणजे ह्या दहा गटांचे प्रत्येकी 50.

प्रत्येकाची नोंद त्याच्या गावात किंवा वस्तीत, ज्याला ते डेम म्हणत, आणि त्या डेमचं नाव माणसाच्या नावाला जोडलं जाई. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव. घर दुसरीकडे हललं तरी गावाचं नाव पिढ्यानपिढ्या तेच. आता हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज आहे का? पेरिक्लीस झँथिपोस खोलार्गोसकर. सॉक्रेटिस सोफ्रोनिस्कोस अलोपेकेकर. फळ्यावर ही नावं लिहिली की वर्ग पाच मिनिटं हातातून जातो, पण ती नावं मुलं वर्षभर विसरत नाहीत. फक्त एवढं सांगावं की ‘कर’ हे आपलं, त्यांचा प्रत्यय निराळा.

गरिबांचं वजन वाढलं ते समुद्रामुळे. जमिनीवर लढायला ढाल, चिलखत, भाला स्वतःच्या पैशाने घ्यावा लागे. वल्हं मारायला नुसते दंड पुरतात. इ.स.पू. 483 च्या सुमारास लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. माणशी 10 द्राख्मा (त्यांची चांदीची नाणी) वाटून टाकू, असा विचार चालला होता. थेमिस्टोक्लीस ह्या पुढाऱ्याने सभेला पटवलं की वाटू नका, जहाजं बांधा. तीन वर्षांनी सालामिसच्या समुद्रात त्याच जहाजांनी इराणी आरमाराचा मोड केला. एकेका जहाजावर 170 वल्हेकरी, बहुतेक हातावर पोट असलेले. शहर ज्यांनी वाचवलं त्यांना सभेत गप्प बसा कोण सांगणार?

ती सभा, म्हणजे एक्लेसिया, भरायची प्निक्स नावाच्या टेकडीवर. अक्रोपोलिस ह्या शहरातल्या बालेकिल्ल्याच्या पश्चिमेला ही टेकडी आहे आणि खडकात कोरलेला वक्त्याचा चौथरा अजून दिसतो. आपल्यासारखे प्रतिनिधी निवडून पाठवणं नाही, नागरिकाने स्वतः जायचं. दवंडीवाला पुकारे, ‘कुणाला बोलायचंय?’ आणि चांभार असो की जमीनदार, कुणीही चौथऱ्यावर चढावं. मग हात वर करून निकाल. काही मोठ्या निर्णयांना किमान 6,000 माणसं लागत. इ.स.पू. चौथ्या शतकात वर्षाला अशा 40 सभा ठरलेल्या होत्या.

आपल्याकडे ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते, हे मुलांनी घरी ऐकलेलं असतं. अथेन्सकरांनाही बाजारातल्या गप्पा सोडवत नसत. त्यांचा तोडगा भारी होता. ओल्या लाल रंगात बुडवलेली लांब दोरी दोघांनी दोन टोकांना धरायची आणि बाजार झाडत झाडत माणसं टेकडीकडे हाकायची. ज्याच्या कपड्याला रंग लागला तो टाळाटाळ करणारा. इ.स.पू. 425 च्या एका नाटकात अ‍ॅरिस्टोफेनीस ह्या दोरीची टिंगल करतो. पुढे सभेला येणाऱ्याला भत्ता सुरू झाला, तेव्हा गर्दीचा प्रश्न मिटला. निवाडा करायला कोर्टात बसणाऱ्या नागरिकांना तो त्याआधीच मिळत होता, पेरिक्लीसने सुरू केलेला, दिवसाला दोन ओबोल, म्हणजे दोन छोटी नाणी. रोज बुडवून येणाऱ्या गरिबाला परवडावं म्हणून.

दोरीचा प्रयोग आम्ही शाळेच्या मैदानावर केला आहे. गेरू कालवून. पालकांच्या तक्रारी आल्या, पण ते असो. त्या दिवशी दोरी धरलेल्या दोघांपैकी एकाने विचारलं, ‘बाई, आम्ही सगळ्यांना सभेत नेलं. आम्ही मत द्यायचं का?’

नाही. सभेत शिस्त राखणारे, गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढणारे सिथियन, म्हणजे काळ्या समुद्रापलीकडून आणलेले, धनुर्धारी शहराच्या मालकीचे गुलाम होते. नागरिकावर हात टाकायचा अधिकार त्यांना होता, नागरिकाच्या निर्णयात हात वर करण्याचा नव्हता.

इथून धडा गंभीर होतो आणि तो व्हायलाच हवा. वर्ग 40 मुलांचा धरा आणि तो म्हणजे अख्खं अ‍ॅटिका समजा. आधी सगळ्या मुलींना भिंतीकडे उभं करते, त्यांना मत नाही. मग गुलाम, घरातले, शेतावरचे, चांदीच्या खाणीतले. मग परगावाहून येऊन राहिलेले, ज्यांना ते मेटोइक म्हणत. कर भरायचा, सैन्यात जायचं, पण सभेत पाऊल ठेवायचं नाही. अ‍ॅरिस्टॉटल स्वतः असाच एक बाहेरचा होता, मूळचा स्टॅगिराचा. लोकशाहीवर इतकं लिहून त्याला अथेन्समध्ये एकही मत नव्हतं. शेवटी लहान मुलं. लोकसंख्येचे अंदाज अभ्यासकागणिक बदलतात, पण ढोबळमानाने दहांत एकजण मतदार. बाकांवर चार मुलगे उरतात. ‘हे लोक,’ मी म्हणते. चार जण खुशीत असतात, बाकी छत्तीसांच्या चेहऱ्यावर जे असतं ते कुठल्याही पुस्तकातून शिकवता येणार नाही.

हा खेळ चिठ्ठीच्या आधी घेऊ नये. आधी घेतला तर मुलं अथेन्सला खोटारडं ठरवून मोकळी होतात आणि पुढचं ऐकत नाहीत. चिठ्ठी, एक दिवसाचा प्रमुख, दोरी ह्यांत ती रमलेली असताना भिंतीकडे जावं लागलं की दोन्ही गोष्टी डोक्यात राहतात. गरीब वल्हेकऱ्याला जमीनदाराइतकं मत देणं त्या जगात खरोखर अचाट होतं. आणि त्या वल्हेकऱ्याच्या बायकोला ते नव्हतं.

इ.स.पू. 451 मध्ये कुंपण आणखी आवळलं. आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. कायदा आणला पेरिक्लीसने. पुढे तो ज्या अस्पासियाबरोबर राहिला ती मिलेटस ह्या दुसऱ्या नगरातली, त्यामुळे त्यांचा मुलगा बापाच्याच कायद्याने परका ठरला. साथीच्या रोगात पेरिक्लीसची आधीची दोन्ही मुलं गेली, तेव्हा सभेने खास सवलत देऊन ह्या मुलाला नागरिक करून घेतलं. ह्या मुलाला लक्षात ठेवा.

खापराची गोष्ट मुलांना सर्वांत आवडते आणि तिला मराठीची साथ आहे. दरवर्षी सभेला विचारत, यंदा कुणाला हद्दपार करायचंय का? हो म्हटलं तर पुढे एका ठरल्या दिवशी बाजारात जमायचं आणि फुटक्या मडक्याच्या खापरीवर नको असलेल्या माणसाचं नाव कोरून टाकायचं. किमान 6,000 खापऱ्या पडल्या तर ज्याचं नाव सर्वांत जास्त, त्याने 10 दिवसांत गाव सोडायचं, 10 वर्षांसाठी. आरोप नाही, खटला नाही, मालमत्ता जप्त नाही. कुणी एक जण फार मोठा होऊन डोक्यावर बसू नये, एवढाच हेतू. ‘म्हणजे बाई, खापर फोडलं!’ असं कुणीतरी म्हणतंच. आपल्या म्हणीचा त्याच्याशी संबंध नाही, पण जुळतं छान.

प्लूटार्क ह्या चरित्रकाराने जवळजवळ सहाशे वर्षांनंतर लिहिलेली एक कथा आहे. अ‍ॅरिस्टायडीस हा न्यायी म्हणून प्रसिद्ध. मतदानाच्या दिवशी एका अडाणी शेतकऱ्याने त्याला न ओळखता खापरी पुढे केली, ‘ह्यावर अ‍ॅरिस्टायडीस लिही.’ त्याने तुझं काय वाकडं केलं? ‘काही नाही. जिथे तिथे न्यायी, न्यायी ऐकून कंटाळा आलाय.’ अ‍ॅरिस्टायडीसने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून दिलं. कथा खरी असेलच असं नाही. पण अक्रोपोलिसच्या उतारावर एका विहिरीत सापडलेल्या खापऱ्या अगदी खऱ्या आहेत. 190 खापऱ्या, सगळ्यांवर थेमिस्टोक्लीसचं नाव आणि अक्षर फक्त 14 जणांचं. कुणीतरी आधीच गठ्ठे तयार करून वाटायला ठेवले होते. सालामिस जिंकून देणारा थेमिस्टोक्लीस पुढे खरोखरच हद्दपार झाला. मुलांना अक्षर ओळखण्याचा खेळ द्यावा. वीस चिठ्ठ्या, तीन हस्ताक्षरं, शोधा. एरवी न ऐकणारी मुलं त्या दिवशी पोलीस होतात.

एक गोष्ट मात्र मी दोन दिवसांत सांगते आणि मुद्दाम मध्ये तोडते.

इ.स.पू. 428 मध्ये लेस्बोस बेटावरच्या मिटिलीनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं. (अथेन्सकरांनी बाहेर साम्राज्य उभं केलं होतं, दोस्त नगरांकडून खंडणी घेत होते. घरात लोकशाही, बाहेर दादागिरी.) पुढच्या वर्षी शहर शरण आलं. सभा भरली, लोक संतापलेले, हात वर झाले. सगळ्या मोठ्या पुरुषांना ठार मारा, बायकामुलांना गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज त्याच दिवशी सुटलं. इथे मी थांबते. घंटा वाजते, मुलं चरफडत घरी जातात.

दुसऱ्या दिवशी अथेन्सला पश्चात्ताप झाला. दोषी थोडे आणि मरणार अख्खं शहर? पुन्हा सभा बोलावली. क्लिऑन नावाचा पुढारी कडाडला. काल ठरवलं ते आज मोडता, तुम्हाला राज्य करता येत नाही, तुम्ही भाषणं नाटकासारखी ऐकायला येता! त्याला उत्तर देणारा डायोडोटस दुसरीकडे कुठे भेटत नाही. त्याने दयेचा शब्द काढला नाही. तो म्हणाला, घाई आणि राग हे सल्ल्याचे दोन शत्रू. शरण आलेल्यालाही मारलंत तर पुढचं बंडखोर शहर कधी शरण येईल का? शेवटपर्यंत लढेल. तुमचाच तोटा. हात वर झाले, जवळजवळ निम्मे निम्मे. डायोडोटस थोडक्यात जिंकला.

पण पहिलं जहाज सुमारे एक दिवस-रात्र पुढे होतं. दुसरं सोडलं. मिटिलीनीच्या वकिलांनी वल्हेकऱ्यांसाठी दारू आणि सातू भरून दिले, वेळेत पोचलात तर बक्षीस कबूल केलं. दारू आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ खात खात, वल्हं न सोडता, पाळीपाळीने झोपत ते निघाले. पहिलं जहाज असल्या कामाला निघालेलं म्हणून रेंगाळत होतं. ते पोचलं, सेनापतीने हुकूम वाचला, अंमल सुरू होणार एवढ्यात दुसरं बंदराला लागलं. हे सगळं त्या काळच्या थुसिडिडीस ह्या इतिहासकाराने लिहिलंय आणि वर्गात अजून कधी ते वाचताना चुळबुळ झालेली नाही.

शेवटही मी लपवत नाही. शहर वाचलं, पण बंडाचे पुढारी म्हणून हजारावर माणसं तरीही मारली गेली. ‘मग पहिल्या दिवशी हात वर करणारे वाईट आणि दुसऱ्या दिवशीचे चांगले?’ असं एका मुलीने विचारलं होतं. ती बरीचशी तीच माणसं होती, एवढंच मी सांगितलं.

दुसरं जहाज दरवेळी मिळालं नाही. इ.स.पू. 406 मध्ये अर्गिनुसाईची सागरी लढाई जिंकूनही वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून सभेने आठ सेनापतींना एकगठ्ठा देहदंड दिला. हजर असलेले सहा मारले गेले. त्यांत पेरिक्लीस आणि अस्पासियाचा तो मुलगा होता. असा सरसकट खटला कायद्यात बसत नाही म्हणून एकाने विरोध केला, तो त्या वर्षी चिठ्ठीने मंडळावर आलेला सॉक्रेटिस. कुणी ऐकलं नाही. पुढे अथेन्सला त्याचाही पश्चात्ताप झाला आणि तरी सात वर्षांनी, इ.स.पू. 399 मध्ये, सोडतीने बसलेल्या सुमारे 500 जणांच्या कोर्टाने सॉक्रेटिसलाच विषाचा प्याला दिला. कोर्टात वकील नसत, आपलं आपण बोलायचं आणि पाण्याचं भांडं रिकामं होईतो थांबायचं. लग्नातलं घटिकापात्र पाण्यात बुडतं, त्यांच्या भांड्यातून पाणी गळून जाई. वादी-प्रतिवादींना पाणी सारखं मोजून. आमच्या वर्गात वादविवाद ह्याच मापावर होतात, बाटलीच्या बुडाला भोक पाडून.

इ.स.पू. 322 मध्ये मॅसिडोनियाच्या सत्तेने ही लोकशाही मोडली. मध्ये दोनदा पडून पुन्हा उभी राहिलेली ही व्यवस्था पावणेदोनशेहून अधिक वर्षं चालली.

आता ‘आजच्या जगावर प्रभाव’, म्हणजे परीक्षेतला हमखास प्रश्न. मुलं लिहितात, अथेन्सपासून लोकशाही जगभर पसरली. तसं झालं नाही. मधली दोन हजार वर्षं बहुतेक शहाणी माणसं अथेन्सकडे बोट दाखवत ती सांगायला, की बघा, लोकांच्या हाती कारभार दिला तर काय होतं. अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांतल्या जेम्स मॅडिसनचं मत होतं की अथेन्सचा प्रत्येक नागरिक सॉक्रेटिस असता तरी ती सभा म्हणजे जमावच राहिला असता. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी मुद्दाम प्रतिनिधींचं राज्य घडवलं. आपली संसद आली ती इंग्लंडच्या वाटेने. सोडतीचे बारकावे तर मॅडिसनला कळणंच शक्य नव्हतं. अथेन्सच्या कारभाराचं वर्णन करणारा, अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरचा ग्रंथ इजिप्तमध्ये पपायरसवर सापडला आणि 1891 मध्ये छापला गेला. कुणीतरी शेतीच्या जमाखर्चाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो उतरवून घेतला होता. वह्या वाया घालवणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावं.

मग आलं काय? शब्द आला. सामान्य माणूस राज्य चालवू शकतो का, हा वाद आला. आणि अलीकडे चिठ्ठीही परत येते आहे. आयर्लंडने 2016 मध्ये सोडतीसारख्या पद्धतीने 99 नागरिक निवडून त्यांच्यापुढे गर्भपातबंदीसारखे अवघड प्रश्न ठेवले. त्यांच्या शिफारशीवर 2018 मध्ये सार्वमत झालं आणि घटना बदलली. स्वतः बसून ठरवण्याची रीत पाहायला अथेन्सलाच जावं लागतं असंही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. मिटिलीनीच्या दिवशी निम्म्या-निम्म्या हातांनी झालेला निकाल त्यांना पटला नसता.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी बौद्ध भिक्षुसंघांची आठवण करून दिली. ठराव, कोरम, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं संघाच्या नियमांत होतं. मत द्यायला लाकडाच्या शलाका असत आणि त्या गोळा करणारा एक भिक्षू नेमलेला असे. हा उल्लेख मी ‘आमच्याकडे आधीच होतं’ म्हणून मिरवायला करत नाही, त्या भाषणातही तो तशासाठी नव्हता. होतं ते गमावलं आणि पुन्हा गमावू शकतो, ही काळजी त्यामागे होती.

शेवटच्या तासाला मी परत फळ्यावर ‘लोक’ लिहिते. ग्रीसमधल्या बायकांना संसदेसाठी मताचा हक्क 1952 च्या मे महिन्यात मिळाला आणि सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी पहिल्यांदा मत दिलं 1956 मध्ये. भारतातल्या बायका तोवर 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत मत देऊन आल्या होत्या. मुली टाळ्या वाजवतात. टाळ्या थांबल्या की पुढचं सांगते. त्या निवडणुकीच्या याद्यांमधून जवळजवळ 28 लाख बायका गळल्या, बहुतेक उत्तर आणि मध्य भारतातल्या. अधिकाऱ्याला त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. अशी नोंद यादीत ठेवता येत नाही, म्हणून ती काढली गेली. युद्धात मेलेल्यांसाठी पेरिक्लीसने केलेल्या प्रसिद्ध भाषणातही बायकांसाठी एक वाक्य आहे, पुरुषांच्या बोलण्यात जिचं नाव कमीत कमी येतं तिचा मोठेपणा सर्वांत जास्त.

मग मी विचारते, आपापल्या पणजीचं नाव कुणाकुणाला माहीत आहे? हात वर करा.

हात फार थोडे वर येतात.